फ्लॅटचे फोटो: नाशिकमध्ये हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

उजेडवाट (धागाकर्ती)

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोड, नाशिकमध्ये कुठेही जा, घरं विकायला आणि भाड्याने द्यायला आहेत. त्यांचे फोटो बहुतेक वेळा एजंटच्या ऑफिसातला एखादा मुलगा किंवा स्वतः घरमालकच काढतो. घर छान हवेशीर असतं. फोटोत मात्र अंधारी खोली, कलंडलेल्या भिंती आणि खिडकीच्या जागी पांढराफटक चौकोन. बघून जीव हळहळतो. मी हेच काम करते आणि मनापासून आवडतं म्हणून करते. सुरुवात कशी करायची हे विपूत (विचारपुशीत) बरेच जण विचारतात, म्हणून एका ठिकाणी लिहिते आहे.

आधी कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल. आपण उभं राहून डोळ्याला कॅमेरा लावतो आणि सगळं दिसावं म्हणून तो थोडा खाली झुकवतो. झुकवला की भिंती वरच्या बाजूला फाकतात, दाराची चौकट तिरकी होते, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर आणा आणि अगदी सपाट धरा. बेडरूममध्ये थोडा आणखी खाली चालतो. स्वयंपाकघरात ओट्याचा पृष्ठभाग दिसेल पण वरच्या कपाटांचा तळ दिसणार नाही, इतका ठेवा. मोबाइलमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट ग्रिडच्या उभ्या रेषेला समांतर आहे ना हे प्रत्येक फोटोला तपासा. एवढं एक केलंत तरी तुमचे फोटो निम्म्या जाहिरातींपेक्षा चांगले दिसतील, हे मी खात्रीने सांगते.

उभं कुठे राहायचं? दारात किंवा कोपऱ्यात. दोन भिंती पूर्ण आणि तिसरीची थोडी कड आली की खोलीचा आकार कळतो. हॉलचा एक फोटो असा हवाच ज्यात स्वयंपाकघराचं किंवा पॅसेजचं दार दिसतं. घर बघणारा माणूस मनात नकाशा जुळवत असतो, त्याला दुवा लागतो. ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनची जागा, पार्किंग, जिना, लिफ्टबाहेरचा पॅसेज यांचे फोटो कुणी काढत नाही, आणि फोनवर लोक नेमकं तेच विचारतात.

साहित्यात ट्रायपॉड सगळ्यात आधी घ्या, लेन्स नंतर. ट्रायपॉडवर कॅमेरा असला की आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ते ४०० मध्ये ठेवता येतो, शटर (उजेड आत येऊ देणारा पडदा) कितीही सावकाश चालतं, आणि दोन सेकंदांचा टायमर लावला की हात लागून हलत नाही. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एफ ८ च्या आसपास. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २० मिलिमीटरच्या लेन्सने (हा आकडा लहान तितकं जास्त रुंद दिसतं) एफ ८ ला साडेपाच-सहा फुटांवर फोकस केला, तर सुमारे तीन फुटांपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ येतं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये काढा. खिडकीबाहेरचा उजेड आणि खोलीतला उजेड यांत खूप फरक असतो, जेपेगमध्ये तो सावरता येत नाही.

खिडकीसाठी ब्रॅकेटिंग. एक फोटो बरोबर उजेडाचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि तिन्ही एकत्र. पण एचडीआरची, म्हणजे असे फोटो एकत्र करण्याच्या सोयीची, पट्टी पूर्ण ओढू नका. भिंतीवर करडे डाग आणि फर्निचरभोवती उजळ कडा दिसायला लागल्या की घर प्लास्टिकचं वाटतं. खिडकी थोडी उजळ राहिली तर चालतं, आपल्या डोळ्यांनाही ती तशीच दिसते.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन.

---

सातपूरचा_पोरगा

ताई, फार उपयोगी धागा. माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, १८-५५ किट लेन्ससकट. वाइड लेन्स घ्यायला सध्या पैसे नाहीत. मोबाइलला अल्ट्रावाइड आहे. कशाने काढू?

---

उजेडवाट

हॉल आणि बेडरूम किट लेन्सने काढ. क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटर म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २७ ते २९. थोडं अरुंद आहे, पण खोली खरी दिसते. भिंतीला अगदी पाठ टेकवून उभा राहा, किंवा दाराबाहेर ट्रायपॉड लावून आत बघ. बाथरूम आणि लहान स्वयंपाकघरात कॅमेरा उभा धर, आडव्या फोटोचा हट्ट नको.

मोबाइलचा अल्ट्रावाइड, म्हणजे ०.५, बऱ्याच फोनमध्ये १३ मिलिमीटरच्या आसपास असतो. कडेला ठेवलेली खुर्ची ताणली जाते, गोल टेबल अंडाकृती होतं, दहा बाय दहाची खोली पंधरा बाय दहाची वाटते. अगदीच अडलं तर वापर, पण कडेला गोल वस्तू येऊ देऊ नकोस आणि नंतर थोडं क्रॉप कर. पैसे जमले की क्रॉप सेन्सरसाठी १०-१८ किंवा १०-२० ची लेन्स जुनी, चांगल्या अवस्थेतली बघ. तीसुद्धा सगळीकडे दहावर लावायची नाही. माझे बरेचसे फोटो फुल फ्रेमच्या हिशेबात २० ते २४ दरम्यान असतात.

---

घरजोड (एजंट, इंदिरानगर)

उजेडवाट ताई, बाकी सगळं पटलं, वाइड लेन्सचं पटलं नाही. आमचा धंदा फोन येण्यावर आहे. शेजारच्या सोसायटीतला तसाच टू बीएचके दुसरा एजंट १३ वर काढून टाकतो, त्याचा हॉल क्रिकेटचं मैदान दिसतो. माझा हॉल खरा दिसतो, म्हणजे लहान दिसतो. लोक अंगठ्याने वर सरकवून पुढे जातात. खरेपणा ठेवायचा तर ग्राहक आधी दारात तरी यायला हवा ना?

---

मुळा_मुठा_ते_गोदा

एजंट काकांना एका घर शोधणाऱ्याचं उत्तर. आम्ही पुण्यात नोकरीला, आईवडिलांसाठी नाशिक रोडला फ्लॅट बघत होतो. फोटो बघून सुट्टी काढून सगळे आलो. फोटोतल्या हॉलमध्ये सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल सहज बसेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात सोफा आणि टीव्हीच्या मधून वडील वॉकर घेऊन जाऊ शकत नव्हते. फ्लॅट वाईट नव्हता. आधी खरा आकार कळला असता तर कदाचित दुसऱ्या कुणाला आवडला असता. पण त्या एजंटकडचं पुढचं कुठलंही घर आम्ही बघितलं नाही, आणि नात्यातल्या दोघांना तसं सांगितलंही.

---

उजेडवाट

@घरजोड, दादा, तुमची अडचण खरी आहे. पण तुमचा दिवसही मोजा. पाथर्डी फाट्याहून नाशिक रोडला, तिथून म्हसरूळला ग्राहकाला घेऊन जायचं आणि दारातच त्याचा चेहरा उतरलेला बघायचा, यात पेट्रोल जातं, वेळ जातो आणि त्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास जातो. फोटो खरे असले तर फोन कमी येतील, पण येणाऱ्याने घर आधीच पसंत केलेलं असेल.

लहान खोली लहान ठेवूनही चांगली दाखवता येते, हाच या कामातला कसब आहे. खोलीतलं एक मोठं सामान बाहेर काढा. पडदे पूर्ण उघडा. कॅमेरा न झुकवता, सपाट ठेवूनच थोडा खाली घ्या म्हणजे जमीन जास्त दिसते, जमीन दिसली की मोकळं वाटतं. खोलीच्या पलीकडचं दार उघडं ठेवा, नजर पुढे जाते. आणि फोटोसोबत कार्पेट एरिया आणि खोल्यांची मापं असलेला प्लॅन टाका. मापं लिहिलेली असली की फोटोवर ताण येत नाही.

कायद्याचंही बघा. रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. ती मुख्यतः प्रमोटरसाठी म्हणजे बिल्डरसाठी आहे, पण नव्या प्रोजेक्टचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने ती मनात ठेवावी. नोंदणीकृत प्रोजेक्टच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. डिझाइन करताना त्यासाठी जागा सोडा.

---

घरजोड (एजंट, इंदिरानगर)

प्लॅन सोबत टाकायचं पटलं. पुढच्या दोन फ्लॅटना करून बघतो.

---

चौकटीबाहेर

एक तांत्रिक भर. एलईडी ट्यूब लावून मोबाइलने फोटो काढले की कधीकधी आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि दर आवर्तनात दोनदा, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं, किंवा त्याहून बरंच सावकाश, तर पट्टे जातात. ट्रायपॉड असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं रंगाचं. एका खोलीत ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब, फॉल्स सीलिंगमध्ये ३००० चे पिवळे दिवे आणि खिडकीतून दिवसाचा उजेड. कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) कुठलाही धरला तरी भिंत एकीकडे निळी, एकीकडे पिवळी. उजेडवाट काय करतात?

---

उजेडवाट

छान मुद्दा. मी दिवसा सगळे दिवे बंद करून काढते. खिडकीचा एकच रंगाचा उजेड, भिंतीचा रंग खरा येतो. फॉल्स सीलिंगवर मालकांनी हौसेने खर्च केलेला असतो, त्याचा एक वेगळा फोटो दिवे लावून घेते, संध्याकाळी. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लागलाच तर तो समोर कधीच मारायचा नाही. छताकडे किंवा आपल्या मागच्या भिंतीकडे वळवायचा. भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिच्यावरून आपटलेला उजेडही त्याच रंगाचा येतो, तेव्हा पांढरं छतच बघा.

आणि पंखा बंद. फिरत्या पंख्याचा सावकाश शटरमध्ये नुसता धूसर गोळा होतो.

---

मृद्गंध_इंदिरानगर

आमचा फ्लॅट विकायचा आहे, पश्चिमेला बाल्कनी, तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. तोच आमच्या घराचा जीव आहे. फोटो किती वाजता काढू? सकाळी काढले तर हॉल अंधारा येतो.

---

उजेडवाट

ताई, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण उजेड समजला की अर्धं काम झालं.

पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर, हे ढोबळ गणित. पण थेट ऊन जमिनीवर पडलेलं असेल तेव्हा फोटो काढू नका. व्हिट्रिफाइड टाइलवर उन्हाचा पांढरा तुकडा पडतो आणि बाकी खोली काळी होते. तुमच्या पश्चिमेच्या हॉलसाठी दुपारी एक ते दोनची वेळ बघा. सूर्य पश्चिमेला कललेला, आकाश उजळ, पण ऊन अजून बाल्कनीच्या कठड्यावर.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात उलट, दुपारी तो दक्षिणेला सुमारे ४६-४७ अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा नसेल तर खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, साधारण तेवढं आत ऊन शिरतं. थंडीत दक्षिणमुखी हॉलचे फोटो काढायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. उत्तरेच्या खोल्या या कामात सगळ्यात सोप्या, दिवसभर सारखा मऊ उजेड.

पावसाळ्यात बरेच जण फोटो काढायचं टाळतात. आतल्या खोल्यांसाठी ढगाळ दिवस वरदान आहे, खिडकी आणि खोली यांतला फरक कमी होतो. इमारतीचा बाहेरचा फोटो मात्र पाऊस संपल्यावर. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हवा धुतलेली असते, डोंगर हिरवा असतो.

आता तुमचा डोंगर. टेलिफोटो लेन्सने काढला तर पांडवलेणी कठड्याला टेकल्यासारखी दिसेल. तसं करू नका. साध्या लेन्सने, हॉलमधून, बाल्कनीच्या दाराची चौकट आणि कठडा फोटोत ठेवून काढा. म्हणजे घरात बसून डोंगर किती दिसतो ते कळेल, आणि तेच विकत घेणाऱ्याला हवं आहे. सकाळी धुकं असलं तर दहानंतर.

एक संध्याकाळचा फोटोही घ्या. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि घरातले दिवे त्याच्या तोडीस तोड दिसतात. आपल्याकडे डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. ही वेळ फार थोडी टिकते, ट्रायपॉड आधीच लावून ठेवा.

---

मृद्गंध_इंदिरानगर

मनापासून आभार. आवरायचं कितपत? घरात सासूबाई आहेत, देवघर आहे, माणसं राहतात.

---

उजेडवाट

राहतं घर राहतं दिसू द्या. फ्रिजवरची बिलं, दारामागचे कपडे, सोफ्यावरचे टॉवेल, पायपुसणी, चपला, बेसिनवरचे ब्रश, ओट्यावरचे डबे, जादाचा सिलेंडर काढा. कमोडचं झाकण बंद. ओट्यावर एखादी पितळी कळशी किंवा फळांची टोपली राहू द्या. टाइल्स कोरड्या पुसा, ओल्या लादीवर पावलं उमटतात.

देवघराला मी कधी हात लावत नाही. सासूबाईंना विचारा. त्यांना देव फोटोत नको असतील तर त्या भिंतीचा वेगळा कोन निघतो, हवे असतील तर समई-फुलांसकट काढा, सुंदरच दिसतं. घरात शिरताना फोटोग्राफरने चपला बाहेर काढायच्या, सामान हलवायच्या आधी विचारायचं आणि हलवलेलं जागेवर ठेवून निघायचं. हे नवशिक्यांनी लेन्सपेक्षा आधी शिकावं असं मला वाटतं.

मुलांचे फोटो, प्रमाणपत्रं, दारावरची नावाची पाटी, तिजोरीचं कपाट हे नेटवर जाऊ देऊ नका. मोबाइलमधलं लोकेशन बंद करून काढा, नाहीतर फाइलमध्ये घराचा ठिकाणा राहू शकतो. आरशात आणि टीव्हीच्या काचेत आपणच दिसत नाही ना, तेही बघा.

---

दहीपुलाजवळचा

आमचा जुना वाडा आहे. भाडेकरू गेले, आता माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, २०२७ च्या सिंहस्थासाठीही विचारणा होतेय. सागवानी खांब, लहान खिडक्या, शेणामातीच्या भिंती. फोटो काळे येतात.

---

उजेडवाट

वाड्याला फ्लॅटचे नियम लावू नका. तो अंधार त्या घराचा आहे, थोडा राहू द्या. ट्रायपॉडवर दोन-चार सेकंदांचं एक्सपोजर द्या, लाकडाचा पोत त्यात उमटतो, फ्लॅशने लाकूड चपटं आणि चकाकतं दिसतं. चौकातून वरती माडी दाखवणारा एक फोटो हवा. उंच दिसावा म्हणून कॅमेरा वर करू नका, खांब मागे कलतील. जिन्यावर किंवा समोरच्या ओसरीवर चढून सपाट धरा. जुन्या घरात खांब मुळातच थोडे झुकलेले असतात, तेव्हा सरळ करताना एकाच खांबाला प्रमाण मानू नका.

राहायला येणाऱ्यासाठी मात्र जिन्याची रुंदी, संडास-बाथरूम कुठे आहे आणि गाडी कुठपर्यंत येते हे फोटोत स्पष्ट दाखवा. सिंहस्थाला म्हातारी माणसं येतात, त्यांना माडीचा उभा जिना आधी कळायलाच हवा.

---

सातपूरचा_पोरगा

एडिटिंग कशात करू? आणि किती करू? एका ठिकाणी काम मिळालंय, ते म्हणाले समोरची हाय टेन्शनची तार पुसून दे.

---

उजेडवाट

मोबाइलवर स्नॅपसीड, फुकट आहे, त्यातल्या पर्स्पेक्टिव्हने भिंती सरळ होतात. कॉम्प्युटरवर लाइटरूमचं ट्रान्सफॉर्म आणि लेन्स करेक्शन.

तार पुसू नकोस. नम्रपणे सांग की ते जमणार नाही. माझा ठोकताळा असा: आज असलेली आणि उद्या नसणारी गोष्ट काढायला हरकत नाही. रस्त्यावरची कचऱ्याची पिशवी, उभी असलेली स्कूटर, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा डाग. घर घेणाऱ्याला कायम सोबत करणारी गोष्ट राहिली पाहिजे. तार, टॉवर, नाला, शेजारच्या इमारतीची भिंत, छताची ओल. ढगाळ आकाशाच्या जागी निळं आकाश लावणं मला आवडत नाही, पण त्याने कुणाची फसवणूक होत नाही. ओल पुसून टाकण्याने होते.

---

घरजोड (एजंट, इंदिरानगर)

मखमलाबाद आणि आडगावकडचे प्लॉट ड्रोनने काढावेत का? ग्राहक मागतात.

---

उजेडवाट

प्लॉटला ड्रोनचा खरा उपयोग होतो, जमिनीवरून नुसतं गवत दिसतं. पण नाशिकमध्ये फार सांभाळून. ओझरला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं, देवळालीला लष्कर, नाशिक रोडला नोटांचा छापखाना. उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला काम द्या.

ड्रोन नसेल तर प्लॉटच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे बघत काढा, चारही कोपऱ्यांतून. हद्दीच्या खुणांजवळ माणूस उभा करा म्हणजे अंतर कळतं. येणारा रस्ता, त्याची खरी रुंदी, विजेचा खांब दाखवा. पावसाळ्यात पाणी साचत असेल तर तेही.

---

सातपूरचा_पोरगा

शेवटचा प्रश्न. पैसे कसे ठरवू, आणि फोटो कुणाचे? एका एजंटने माझे फोटो दुसऱ्या फ्लॅटच्या जाहिरातीत लावले.

---

उजेडवाट

दर घरावर लाव, फोटोवर नको. फोटोवर लावलास की गिऱ्हाईक पाचच मागतं आणि ड्राय बाल्कनी राहून जाते. वन बीएचके, टू बीएचके, बंगला असे टप्पे कर, संध्याकाळच्या फोटोचे वेगळे घे, फाइली किती दिवसांत देणार आणि दुरुस्ती किती वेळा करणार हे आधी सांग.

हक्काचं नीट समजून घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काम देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून काम घेतानाच व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घे: हे फोटो याच घराच्या, याच व्यवहाराच्या जाहिरातीसाठी, हक्क माझ्याकडे, माझ्या कामाचे नमुने म्हणून मी दाखवू शकतो. समोरच्याने 'हो' लिहिलं की मगच ट्रायपॉड उघड. आणि झालेल्या प्रकाराबद्दल त्या एजंटशी आधी शांतपणे बोल, दुसऱ्या फ्लॅटचे फोटो लावणं त्याच्याही ग्राहकाची दिशाभूल आहे हे सांग. काढायला तयार नसेल तर जाहिरात जिथे लागली आहे तिथे तक्रारीची सोय असते, तिथे तुझ्या मूळ रॉ फाइली पुरावा म्हणून दाखव. त्या कधी डिलीट करू नकोस.